हिरवी रेघ कुठे अडते

तुळशीचं लग्न लागलं की माझ्या मावसभावाच्या कराडच्या स्टुडिओतले दिवे मध्यरात्रीपर्यंत चालू राहतात. लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ हल्ली अल्बमच्या जोडीला लाकडी डबीतल्या पेन ड्राइव्हमधून दिले जातात आणि डबीवर नवरा-नवरीची नावं कोरलेली असतात. मागच्या डिसेंबरात एका रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. "दादा, जरा येऊन जातोस का? माणसं खाली चहा घेत बसलीत, अकराला त्यांना मुंबईला निघायचंय आणि कॉपी व्हायला दोन तास दाखवतंय. पेन ड्राइव्ह तर नवा आहे, खोक्यावर थ्री पॉइंट टू लिहिलंय!"

साठ जीबीचं फोल्डर होतं. दोनदा कॉपी रद्द करून त्यानं पुन्हा सुरू केली होती आणि आता पेन ड्राइव्ह फॉरमॅट करायच्या बेतात होता. मी त्याला आधी कॉपीच्या खिडकीतलं 'मोअर डिटेल्स' दाबायला सांगितलं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, तिथे वेगाचा हिरवा आलेख दिसतो. बहुतेक लोक उरलेल्या वेळेचा आकडा बघतात, आणि तो आकडा तर मिनिटामिनिटाला बदलतो. खरी माहिती त्या रेघेच्या आकारात असते. रेघ पहिल्यापासून सपाट आहे, की उंच सुरू होऊन कड्यावरून कोसळते, की जमिनीला चिकटून सरपटते, की मधूनमधून शून्यावर जाऊन पुन्हा उठते, यावरून अडचण कुठे आहे हे बऱ्याच अंशी कळतं.

रेघ वाचण्याआधी एक हिशेब पक्का हवा. डेटा ज्या यूएसबीवरून जातो त्या रस्त्याचा वेग बिटमध्ये सांगतात आणि कॉपीची खिडकी बाइटमध्ये बोलते. एका बाइटमध्ये आठ बिट. यूएसबी २.० चा वेग ४८० मेगाबिट म्हणजे सेकंदाला ६० मेगाबाइट. त्यातला बराच भाग संगणक आणि ड्राइव्ह यांच्या आपसातल्या विचारपुशीत जातो, म्हणून हातात ३५ ते ४० मेगाबाइटच पडतात. म्हणून सपाट रेघ तीस-चाळीसच्या दरम्यान स्थिर दिसली, की पहिला संशय रस्त्यावर घ्यायचा: ड्राइव्ह नवा आहे, पण तो जुन्या रस्त्यावरून चाललाय.

हा रस्ता बांधणाऱ्यांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट होते. अमेरिकेत इंटेलमध्ये त्यांच्या चमूनं या कामात मोठा वाटा उचलला आणि १९९६ च्या जानेवारीत यूएसबीची पहिली आवृत्ती आली. प्रिंटर, माऊस, कीबोर्ड या सगळ्यांची वेगवेगळी तोंडं जाऊन एकच तोंड यावं, एवढा साधा हेतू होता. तेव्हाचा सर्वाधिक वेग १२ मेगाबिट होता, आणि त्या काळी कोणाला खिशात लग्नाचा सिनेमा घालून न्यायचा नव्हता. २००० साली ४८० मेगाबिट झाले, २००८ साली ५ गिगाबिट. त्यानंतर नावांचा घोळ सुरू झाला. पाच गिगाबिटचा जो रस्ता ३.० म्हणून आला, त्यालाच पुढे '३.१ जेन १' म्हणायला लागले आणि त्यानंतर '३.२ जेन १'. रस्ता तोच, पाटी दोनदा बदलली. त्यामुळे खोक्यावरचा '३.२' हा आकडा वाचून ड्राइव्ह ३.० पेक्षा वेगवान असेल असं समजणाऱ्या ग्राहकाची काहीच चूक नाही. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांनी सामान्य माणसाचा विचार करायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या भावाची रेघ मोठ्या व्हिडिओ फाइलच्या वेळी ३८ वर सपाट होती. लॅपटॉप उचलून बघितला. डाव्या बाजूला दोन पोर्ट, उजव्या बाजूला एक, आणि पेन ड्राइव्ह उजवीकडे लावलेला. बऱ्याच लॅपटॉपवर एखादा पोर्ट जुन्या वेगाचाच ठेवलेला असतो, कारण माऊसला तेवढा पुरतो. पोर्टच्या आतली जीभ निळी असेल तर तो बहुधा नव्या वेगाचा, पण रंगाची सक्ती नसल्यानं त्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. पोर्टजवळची 'एसएस' ही अक्षरं जास्त भरवशाची. घरच्या मोठ्या संगणकावर, ज्याला आपण सीपीयू म्हणतो, पुढच्या बाजूचे पोर्ट आतून एका लांब वायरनं मदरबोर्डला जोडलेले असतात आणि ती वायर ढिली किंवा हलक्या प्रतीची असू शकते; मागच्या बाजूचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात. म्हणून वेगाचा प्रश्न आला की आधी मागे लावून बघायचं. मधे हब असेल तर तो काढायचा.

जुन्या यूएसबीच्या प्लगमध्ये चार धातूच्या पट्ट्या असतात. नव्यात त्या चारांच्या मागे आणखी पाच असतात आणि वेग सगळा त्या पाचांतून येतो. प्लग अगदी हळूहळू सरकवत आत घातला, तर कधी कधी जुन्या चार पट्ट्यांचा संपर्क आधी होतो आणि संगणक जुन्याच वेगावर बोलणी पक्की करून मोकळा होतो. मग ड्राइव्ह काढून एका दमात नीट आत बसवला की तोच ड्राइव्ह नव्या वेगानं ओळखला जातो. हा मंत्र-तंत्राचा प्रकार वाटतो, पण कारण हे असं पितळी आणि सरळ आहे. तोंडात साचलेली धूळ आणि घामट बोटांचा थरही तेच करतो.

केबल हा त्याहून फसवा भाग. टाइप-सी केबलचं तोंड सगळीकडे सारखंच दिसतं, पण मोबाइलबरोबर मिळणाऱ्या कितीतरी चार्जिंग केबलमध्ये वेगाच्या तारा घातलेल्याच नसतात. वीज आणि जुन्या यूएसबीच्या तारा तेवढ्या असतात. महागडी पोर्टेबल एसएसडी घ्यायची आणि ती चार्जरच्या केबलनं जोडायची, म्हणजे धरणाला घरगुती नळ लावण्यासारखं आहे. ड्राइव्हबरोबर आलेली आखूड केबल जपून ठेवावी आणि तिच्यावर मार्करनं खूण करावी.

आम्ही पेन ड्राइव्ह डावीकडच्या पोर्टला लावला. रेघ उसळून ११० वर गेली. भाऊ टाळी द्यायला वळला. दीडेक मिनिटानं रेघ कोसळली आणि १८ वर येऊन स्थिरावली.

इथे आपण रस्ता सोडून गोदामात शिरतो, आणि पेन ड्राइव्हच्या मंदपणाचं मोठं कारण बहुतेक वेळा इथेच असतं. पेन ड्राइव्हमध्ये फ्लॅश मेमरीची चिप असते. जपानमध्ये तोशिबात काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही मेमरी घडवली. तिचा मोठा भाग एका फटक्यात पुसला जातो, म्हणून एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तेच नाव पडलं. फोटोग्राफरच्या टेबलावर ही गोष्ट सांगताना मला फार बरं वाटलं. या पुसण्यातच मेख आहे. फ्लॅशवर लिहिताना काही किलोबाइटचं एक एक पान लिहिता येतं, पण पुसताना शेकडो पानांचा अख्खा ठोकळाच पुसावा लागतो. शाळेतल्या पाटीसारखं समजा: ओळ एकेक लिहिता येते, पण ओल्या फडक्यानं पाटी पुसायची तर पूर्णच पुसायची. एक ओळ बदलायची असेल तर बाकीच्या ओळी दुसऱ्या पाटीवर उतरवून घ्यायच्या, ही पाटी पुसायची आणि सगळं पुन्हा लिहायचं. वाचायला यातलं काहीच करावं लागत नाही. म्हणून पेन ड्राइव्हवरून वाचणं भराभर होतं आणि त्यावर लिहिणं रखडतं. खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुधा वाचण्याचा असतो, आणि त्याच्या पुढे 'पर्यंत' हा शब्द असतो.

आता तो कडा का आला ते बघू. फ्लॅशच्या एका कप्प्यात एकच बिट साठवला, तर विजेच्या दोनच पातळ्या ओळखायच्या असतात आणि लिहिणं झटपट होतं. त्याच कप्प्यात तीन बिट कोंबले तर आठ पातळ्या होतात, चार कोंबले तर सोळा. जागा वाढते, किंमत उतरते, पण प्रत्येक कप्पा भरताना फार नाजूक हातानं, थोडं थोडं भरून तपासत जावं लागतं. यावर तोडगा म्हणून कित्येक ड्राइव्ह आपल्या जागेचा थोडा भाग एक-बिटी पद्धतीनं वापरतात. शेतावरून आलेली पोती आधी ओसरीवर उतरवायची आणि मग सवडीनं आत कोठीत लावायची, तशी ही ओसरी. पोती थोडी असली तर गाडीवाला खूश होऊन लगेच परततो. पण गाड्या एकामागून एक येत राहिल्या तर ओसरी भरते, आणि मग आत पोतं लावायला जेवढा वेळ लागतो तेवढाच बाहेर गाडीवाल्याला थांबावं लागतं. भावाच्या पेन ड्राइव्हची ओसरी साधारण नऊ जीबीची निघाली. तिथपर्यंत ११०, पुढे १८.

हे १८ कोणत्याही सेटिंगनं वाढत नाहीत. फॉरमॅट करून नाही, ड्रायव्हर बदलून नाही, संगणक बंद-चालू करून नाही. फॉरमॅट हा आपल्याकडे प्रत्येक दुखण्यावरचा काढा झालाय. फाइल सिस्टिम बिघडली असेल तर त्याचा उपयोग होतो, पण चिपचा स्वभाव त्यानं बदलत नाही. चिप गरम झाली असेल तर मात्र फरक पडतो. लहान धातूचे ड्राइव्ह लांबलचक कॉपीत हाताला चटका बसण्याइतके तापतात आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. काठोकाठ भरलेला ड्राइव्हही मंदावतो, कारण मोकळ्या पाट्या उरत नाहीत.

मला या बाबतीत एक गोष्ट खटकते. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावर 'व्ही३०' असं चिन्ह असतं. त्याचा अर्थ असा, की सलग लिहिताना हे कार्ड सेकंदाला ३० मेगाबाइटच्या खाली जाणार नाही. व्हिडिओ मधेच तुटू नये म्हणून हे किमान वेगाचं वचन आहे. पेन ड्राइव्हवर मात्र कमाल वेग छापतात, किमान वेग कोणीच छापत नाही. चिप त्याच जातीची, पण एका ठिकाणी खात्री आणि दुसरीकडे 'पर्यंत'. सलग लिहिण्याचा किमान वेग खोक्यावर छापायची पद्धत पेन ड्राइव्हमध्येही यायला हवी. घेणाऱ्याला त्याच आकड्याची गरज असते.

आता तुम्ही हिशेब केला असेल तर एक विसंगती लक्षात आली असेल. मोठ्या फाइल ५९ जीबीच्या होत्या. उजवीकडच्या जुन्या पोर्टवरून पहिले नऊ जीबी ३८ च्या वेगानं चार मिनिटांत जातात आणि उरलेले पन्नास जीबी १८ च्या वेगानं शेहेचाळीस मिनिटांत. एकूण पन्नास मिनिटं. डावीकडच्या चांगल्या पोर्टवरून पहिले नऊ जीबी दीड मिनिटात जातात, पुढची शेहेचाळीस मिनिटं तीच. म्हणजे सगळे ज्याला दोष देतात त्या पोर्टनं इथे जेमतेम अडीच मिनिटं खाल्ली होती. मग 'दोन तास' आले कुठून?

ते उरलेल्या एका जीबीतून आले. अल्बम डिझाइन करताना सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोच्या छोट्या छोट्या प्रतिमा बनवून ठेवतं. त्या फोल्डरमध्ये तीसेक हजार फाइल होत्या, प्रत्येक काही किलोबाइटची. तिथे पोचल्यावर रेघ जमिनीला चिकटून सरपटत होती. मोठी फाइल म्हणजे एकदा दार उघडून ट्रक आत घेणं. छोट्या फाइलच्या बाबतीत दर वेळी दार उघडायचं, वहीत नाव लिहायचं, जागेची नोंद करायची, सामान ठेवायचं, दार लावायचं. त्यातली नावाची आणि जागेची नोंद ही सुद्धा फ्लॅशवरच होते, म्हणजे तीच पाटी पुन्हा पुन्हा पुसणं आलं. त्यात अँटिव्हायरस प्रत्येक पोतं उघडून बघतो. तो पेन ड्राइव्ह सेकंदाला आठच्या आसपास फाइल घेत होता. तीस हजार भागिले आठ, म्हणजे तासाभराहून जास्त. साठ जीबीतला एक जीबी अर्ध्याहून अधिक वेळ खात होता.

आणि त्या फाइल नवरा-नवरीच्या काही कामाच्या नव्हत्या. त्या वगळल्या. समजा कामाच्या असत्या, तर आधी संगणकाच्या आतल्याच डिस्कवर सगळ्यांची एक झिप फाइल करायची आणि ती एकच फाइल न्यायची. फोटो आधीच दाबलेले असल्यानं झिप करताना आकार कमी करायचा आग्रह धरू नये, नुसतं एकत्र बांधणारा 'स्टोअर' पर्याय निवडावा. गाठोडं बांधायला दोन-तीन मिनिटं लागतात, वाचतो तास. ग्रामपंचायतीचे स्कॅन केलेले दाखले, शाळेच्या मुलांचे फोटो, टॅलीचे बॅकअप, जिथे जिथे हजारो किरकोळ फाइल असतात तिथे हा एक उपाय बाकी सगळ्यांना भारी पडतो.

रेघ कधी कधी खोटंही बोलते, तेही सांगायला हवं. संगणक आधी फाइल स्वतःच्या रॅममध्ये घेऊन 'झालं' असं दाखवू शकतो. लिनक्सवर हे स्पष्ट दिसतं: कॉपी क्षणात ९९ टक्क्यांवर जाते आणि मग दहा मिनिटं तिथेच थांबते, कारण खरं लिहिणं तेव्हा चाललेलं असतं. विंडोज १० च्या २०१८ च्या आवृत्तीपासून पेन ड्राइव्हसाठी 'क्विक रिमूव्हल' हा पर्याय आपोआप असतो. त्यात अशी साठवण कमी होते, वेग थोडा उतरतो, पण ड्राइव्ह अचानक काढला तरी नुकसानीची शक्यता घटते. डिव्हाइस मॅनेजरमधून 'बेटर परफॉर्मन्स' निवडता येतं. ते निवडलं तर 'सेफली रिमूव्ह' केल्याशिवाय ड्राइव्ह ओढायचा नाही. लग्नाच्या डेटासाठी तो धोका पत्करू नये, असं माझं मत आहे.

चार जीबीहून मोठी व्हिडिओ फाइल जातच नसेल, तर तो वेगाचा प्रश्न नसून एफएटी३२ या जुन्या फाइल सिस्टिमची मर्यादा आहे. एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट केलं की सुटते. फक्त जुने टीव्ही आणि गाडीतले स्टिरिओ एक्सएफएटी ओळखत नाहीत, तेवढं विचारून घ्यावं. मोबाइल केबलनं जोडून त्यातले फोटो संगणकावर घेताना जी रखडपट्टी होते, ती बरीचशी एमटीपी या पद्धतीमुळे. तिथे पेन ड्राइव्हच ओटीजीनं मोबाइलला लावणं सोयीचं.

पोर्टेबल हार्ड डिस्कची गोष्ट वेगळी. तिच्यात खरोखर फिरणाऱ्या तबकड्या असतात. जास्त माल बसावा म्हणून आजच्या बऱ्याच डिस्कवर नोंदीचे पट्टे एकमेकांवर चढवलेले असतात. कोकणातल्या घराच्या छपरावर कौलं असतात तसे, आणि इंग्रजीतलं त्याचं नावही छपराच्या फळ्यांवरूनच आलंय. मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली कौलं उचलावी लागतात. अशा डिस्कवर जुना डेटा पुसून तिथेच शंभर-दोनशे जीबी नवा भरायला घेतला की सुरुवातीला रेघ शंभरावर असते आणि नंतर खोल खाली जाते. मधे तिला अर्धा तास वीज देऊन नुसतं बसू दिलं तर ती आतली लावालाव उरकून पुन्हा ताजी होते.

पण हार्ड डिस्कची रेघ शून्यावर जाऊन काही सेकंद थांबत असेल, पुन्हा उठत असेल, आणि आतून टकटक आवाज येत असेल, तर वेगाचा विचार तिथेच सोडून द्यावा. आधी केबल आणि वीज तपासावी. जुना यूएसबी पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, नवा ९००, आणि कमी पडली तरी डिस्क अडखळते. तेवढ्यानं भागलं नाही तर डिस्क मरणपंथाला लागलीय असं समजून सर्वांत महत्त्वाचे फोटो पहिल्यांदा बाहेर काढावेत. दुरुस्तीचा प्रोग्राम आधी चालवू नये. त्या तासनतासांच्या खटपटीत उरलेलं आयुष्यही संपतं. टकटक वाढत असेल तर डिस्क बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे द्यावी.

सर्वांत वाईट प्रकार नकली ड्राइव्हचा. काहीशे रुपयांत दोन टीबीचा पेन ड्राइव्ह मिळत असेल तर आत बहुधा छोटी चिप असते आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॉपी रखडत का होईना पूर्ण होते, फाइलची नावं दिसतात, आणि आत जुन्या डेटावर नवा चढलेला असतो. मंद वेग हे अशा ड्राइव्हचं अनेकदा पहिलं लक्षण असतं. एच२टेस्टडब्ल्यू आणि एफ३ हे मोफत प्रोग्राम पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतात. नवा ड्राइव्ह आला की रात्रभर ही तपासणी लावून ठेवावी. गेलेली हळद पुन्हा लावता येत नाही.

त्या रात्री नऊ पंचावन्नला आम्ही तीस हजार फाइल वगळून, डाव्या पोर्टवरून कॉपी पुन्हा सुरू केली. रेघ ११० वर गेली, कोसळली, १८ वर सपाट झाली, आणि या वेळी ती तशीच राहणार हे माहीत असल्यानं भाऊ खाली जाऊन पाहुण्यांना नेमकी वेळ सांगून आला. दहा त्रेचाळीसला कॉपी संपली. मी पेन ड्राइव्ह दुसऱ्या लॅपटॉपला लावायला सांगितला. त्यानं सप्तपदीचा व्हिडिओ मधूनच सुरू केला, मग पाठवणीचा, मग शेवटचे दोन फोटो उघडून बघितले. सेफली रिमूव्ह केलं, ड्राइव्ह डबीत बसवला आणि जिना उतरला.